खरखर ऐकणारे काका

वरची खोली बघायला गेले तेव्हा काकांनी मला भाडं सांगितलं नाही. मी कुठली, कुणाची, हेही विचारलं नाही. ते म्हणाले, "या भिंतीपासून त्या खिडकीपर्यंत चालून दाखव."

मी चालले.

"बूट काढून."

मी बूट काढून चालले. ते जिना उतरून खाली गेले, स्वयंपाकघराच्या मध्यभागी उभे राहिले आणि तिथून ओरडले, "आता परत!" मग वर येऊन म्हणाले, "डावी टाच आपटतेस. चालेल. आधीचा मुलगा दोन्ही आपटायचा."

काकू जिन्यातून म्हणाल्या, "अहो, भाडेकरू बघताय की घोडा?"

ही एक्क्याऐंशी सालच्या उन्हाळ्यातली गोष्ट. पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर दोन वर्षं काढून मी शिकायला न्यू जर्सीत आले होते. घर हडसन नदीच्या पश्चिमेला, एका जुन्या गिरणीगावाच्या कडेला होतं. त्या घरात मी तीन वर्षं राहिले आणि पुढेही जात राहिले. आसपासच्या मराठी लोकांत ते सगळ्यांचेच काका होते, आणि कारखान्यात सगळ्यांचे प्रोफेसर. काका मूळचे मिरजेचे. तंबोरे करणाऱ्यांच्या गल्लीत वाढले, पण घरात कुणी गायलं नाही की वाजवलं नाही. शिक्षण प्लास्टिकचं. रेकॉर्ड छापायच्या कारखान्यात ते लागले, तेही प्लास्टिकचा लगदा नीट उतरतो की नाही हे पाहायला. एकदा छपाईच्या प्रेसजवळून जाताना त्यांनी नुसत्या आवाजावरून सांगितलं की तिसऱ्या प्रेसचं बेअरिंग गेलं आहे. ते गेलेलं होतं. त्या आठवड्यात मॅनेजरनं त्यांना ऐकण्याच्या खोलीत बसवलं, ते तिथंच राहिले.

काम असं होतं. प्रत्येक रेकॉर्डच्या पहिल्या चार-पाच प्रती नमुना म्हणून काढायच्या. काकांनी कानाला हेडफोन लावून त्यातली एक सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची. खरखर, टिकटिक, घसरलेला सूर, काहीही दोष आढळला की पिवळा फॉर्म भरायचा. पिवळा फॉर्म आला की प्रेस बंद. हिरव्या फॉर्मवर काकांची सही झाल्याशिवाय ती सुरू होत नसे. या खोलीत ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, असा कारखान्याचा नियम होता. तो त्यांना पाळणं सोपं होतं, कारण ते गाणं ऐकतच नसत.

"आज काय ऐकलंत, काका?"

"डाव्या बाजूला खरखर होती. सव्वादोन मिनिटांनी."

"गाणं कसलं होतं?"

"ते नाही बघितलं."

दिवसभर कान वापरून घरी आल्यावर ते त्यांना विश्रांती देत. घरात रेडिओ नव्हता. स्टीलचे चमचे कापडात गुंडाळलेले असत. कुकरची शिट्टी होत असताना कुणी बोलायचं नाही, कारण शिट्टीच्या आवाजावरून ते रिंगचं आयुष्य सांगत. दुसऱ्याच्या घरी जेवायला गेले की आधी स्वयंपाकघरात जाऊन फ्रिजला कान लावत. "कॉम्प्रेसर दिवाळीपर्यंत टिकेल," असं सांगून मग हात धुवायला जात. त्यांचं सहसा खरं ठरे. पुढे पुढे लोक नवा फ्रिज घेण्याआधी त्यांना मुद्दाम जेवायला बोलावू लागले.

मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला भारतातून एक नामवंत गायिका आल्या होत्या. उतरल्या काकूंकडे. मैफल झाल्यावर हॉलच्या दारात सगळे भारावून उभे होते. कुणाच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंनी काकांना विचारलं, "तुम्हाला कसं वाटलं?"

"दुसऱ्या माइकची वायर बदलायला हवी," काका म्हणाले.

काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. काकांच्या ते तिसऱ्या दिवशी लक्षात आलं.

असा हा माणूस. त्याच्या हातून त्याच्या कामातली एकमेव मोठी चूक त्याच वर्षी, नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या आधी झाली.

जवळच्या पॅटर्सन गावातल्या तिघांची एक रेकॉर्ड छपाईला आली होती. लोरेन बास, म्हणजे खर्जाच्या जाड तारा, वाजवायची. तिचा भाऊ कर्टिस ड्रम्सवर. शेजारचा एक मित्र काँगा हे उंच ढोल आणि काउबेल ही लोखंडी घंटा वाजवायचा. मध्ये मध्ये तिघं मिळून दोन-चार शब्द ओरडायची. मूळ फंकचं, म्हणजे नाचायचं. पण त्यातून इतकं काढून टाकलेलं की फक्त सांगाडा उरावा. मॅनहॅटनमधल्या लहान क्लबांत तेव्हा पंक रॉकची लाट ओसरून पोस्ट-पंकवाले आले होते, आणि त्या गोऱ्या, हडकुळ्या, रागावलेल्या पोरांना हे तिघं भयंकर आवडत. हे काकांना अर्थातच माहीत नव्हतं.

त्यांनी नमुना ऐकला. बासचे चार सूर. ड्रम. मग जागा. पुन्हा चार सूर, ड्रम, जागा. त्यांनी पुन्हा ऐकला. खरखर कुठंच नव्हती. इतकी स्वच्छ रेकॉर्ड त्यांच्याकडे कधी आली नव्हती, आणि तिथंच त्यांना संशय आला. त्यांनी पिवळ्या फॉर्मवर लिहिलं, "गिटार आणि की-बोर्ड आलेले नाहीत. छपाई थांबवावी." मग प्रेसवरून धातूचा साचा उतरवून घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि तीन दिवस त्यात ते गिटार शोधत बसले.

चौथ्या दिवशी दुपारी लोरेन बसनं आली. वय एकोणीस, अंगावर सुपरमार्केटचा एप्रन. शुक्रवारी एका कॉलेजच्या रेडिओवर रेकॉर्ड वाजायची होती, दुकानात शनिवारी लागायची होती. मॅनेजरनं तिला सरळ ऐकण्याच्या खोलीत पाठवलं. तिथं झालेलं बोलणं काकांनी त्या संध्याकाळी जेवताना जसंच्या तसं सांगितलं. त्यांना आवाज आठवत, त्यामुळे शब्दही आठवत.

"तुमची गिटार कुठं गेली?"

"कुठली गिटार?"

"रेकॉर्डवरची."

"गिटार नाहीच आहे, सर."

"की-बोर्ड?"

"तोही नाही."

"मग या मधल्या जागेत काय आहे?"

"काही नाही."

"काही नाही हे मला कळलं. काय असायला हवं होतं?"

"काही नाही, हेच. गिटारवाला होता आमच्याकडे. फार वाजवायचा. काढला त्याला."

काकांनी हे दोन वेळा समजून घेतलं. मग म्हणाले की आपलं समाधान झालेलं नाही. लोरेननं हेडफोन उचलून त्यांच्या कानांवर चढवले, रेकॉर्ड लावली आणि विचारलं, "सर, तुम्ही नाचता का?"

"नाही."

"मग तो पाय काय करतोय?"

काकांनी खाली पाहिलं. उजवा पाय हलत होता. ते म्हणाले, "तो चार दिवस हलतोय. प्रेसचा हादरा आहे."

"प्रेस तर तुम्ही चार दिवसांपूर्वी बंद केलीत."

इथं काकांनी ताटातला हात थांबवला आणि आमच्याकडे पाहिलं. काकू हसत होत्या, मी हसत होते. ते हसत नव्हते. पन्नाशीच्या माणसाला आपल्या घरात एक खोली जास्त आहे असं कळावं, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

रेकॉर्ड आठ दिवस उशिरा निघाली. रेडिओचा वार गेला, दुकानानं जागा दुसऱ्याला दिली. छपाई एकदाच झाली. क्लबांत ती हातोहात गेली आणि तिथंच संपली. ज्यानं ती काढली होती, त्या माणसानं वर्षभरात धंदा गुंडाळला.

आमच्या घरात मात्र त्या महिन्यात रेकॉर्ड प्लेअर आला.

"वीस वर्षं रेकॉर्डच्या फॅक्टरीत," काकू शेजारच्या वहिनींना फोनवर सांगत होत्या, "आणि प्लेअर घरात आज येतोय. ती एकच रेकॉर्ड आहे यांच्याकडे. सकाळी सहाला लावतात. मी विचारलं, अहो, गाणं सुरू कधी होणार? तर म्हणे, हेच गाणं आहे. म्हटलं, बरं, मग संपणार कधी?"

काका नंतर दर आठवड्याला पॅटर्सनला जाऊ लागले. तिघं गॅरेजमध्ये सराव करत, हे एका उलट्या बादलीवर बसून ऐकत. काही सुचवत नसत. एकदाच त्यांनी तोंड उघडलं, तेही काउबेलचा स्क्रू ढिला आहे हे सांगायला. घरी आल्यावर मात्र थांबत नसत. "आज कर्टिसनं एक ठोका गाळला. मुद्दाम! कळतंय का तुला? हातात काठी आहे, पुढ्यात ड्रम आहे, आणि मारला नाही!" हातात लाटणं घेऊन ते कर्टिसनं काय मारलं नाही हे दाखवत. तेवढा वेळ काकूंना पोळ्या थांबवाव्या लागत.

पुढच्या श्रावणात मंडळाची मंगळागौर शाळेच्या जिममध्ये होती, शनिवारी दुपारी. आवाजाची व्यवस्था नेहमीप्रमाणे काकांकडे. काकूंनी लोरेनला जेवायला बोलावलं होतं, आणि ती भावाला आणि मित्राला घेऊन आली होती. तिघं भिंतीशी बसून साबुदाणा वडे खात होती. नऊवारीतल्या चाळीसेक बायका खेळून दमल्या, मध्यंतर झालं. मध्यंतराला भावगीतांची कॅसेट लागायची. काकांनी रेकॉर्ड लावली.

बासचे चार सूर. ड्रम. जागा.

"काका, कॅसेट अडकली वाटतं!" कुणीतरी ओरडलं.

मंडळाच्या अध्यक्षीणबाई टेबलाशी आल्या. त्या डॉक्टर होत्या आणि त्यांना नकार ऐकायची सवय नव्हती. "हे काय लावलंय? बंद करा बघू आधी."

"एक मिनिट," काका म्हणाले.

"एक मिनिट काय? बायका वाट बघतायत."

त्या वाट बघत नव्हत्या. नागपूरच्या एक मावशी, साठीच्या, पाण्याचा ग्लास हातात घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि त्या जागेत, नेमक्या त्या मोकळ्या जागेत, झिम्म्याची टाळी दिली. समोरच्या बाईनं ती घेतली. पुढच्या जागेत दोन टाळ्या. मग आठ बायका, मग वीस. पहिल्या फेरीत ती टाळी हवी तशी बसली नाही. दुसऱ्या फेरीत बसली, आणि बसली ती जणू तिच्यासाठीच जागा सोडली होती अशी. जिमची लाकडी जमीन वाजू लागली. पोरं बास्केटबॉल टाकून धावत आली. "व्हॉट इज धिस? प्ले इट अगेन!" अध्यक्षीणबाईंनी बंद करा म्हणायला वर केलेला हात तसाच राहिला आणि हळूहळू दुसऱ्या हाताला जाऊन भिडला.

लोरेन वडा हातात घेऊन उठली होती. कर्टिसनं तिला कोपरानं ढोसलं. "बघ, बघ त्यांचे हात बघ." ती धावत नागपूरच्या मावशींसमोर जाऊन उभी राहिली. मावशींनी तिला टाळी शिकवली नाही, सरळ दिलीच. रेकॉर्ड संपली की काका सुई पुन्हा सुरुवातीला ठेवत होते. पाच वेळा ठेवली. मध्यंतर चाळीस मिनिटं चाललं. त्यानंतर फुगड्या व्हायच्या राहिल्याच.

काका टेबलामागे उभे होते. दोन्ही पाय हलत होते.

बँड चौऱ्याऐंशीत मोडला. भांडण वगैरे नाही. मित्र जॉर्जियाला गेला, कर्टिस बस डेपोत लागला, लोरेन एका हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर. आणि याच सुमारास काका घरी येऊन एक वेगळीच बातमी देऊ लागले.

"आज एक आली."

"कुठली?"

"नाव सांगता येत नाही. पण आली. बास बघ कुठं थांबतो: एक, दोन, तीन, चार, आणि गप्प. लोरेनचं आहे ते."

जगात कुणाच्याही आधी नवं संगीत त्यांच्या कानांवर पडत होतं. दर महिन्याला कुणीतरी गिटार कमी करत होतं. नाचायच्या रेकॉर्डमध्ये ती जागा आली. गोऱ्या पोरांच्या बँडमध्ये आली. मग रॅपवाले आले आणि त्यांनी तर जागाच जागा ठेवली, बोलायला. काका जिन्यातूनच ओरडत, "घराणं झालं! अगं, घराणं झालं त्यांचं!" मिरजेच्या माणसाकडे याहून मोठा शब्द नव्हता. "गुरू पंचविशीतला, शिष्य सगळीकडे, आणि शिष्याला गुरूचा पत्ता नाही. असं कुठं झालंय?"

ते लोरेनला फोन करत. रेकॉर्डचं नाव सांगत नसत, फक्त "पुन्हा एक आली" म्हणत. ती खिडकीवर रांग सोडून म्हणे, "छान आहे, सर. माझं नाव आहे का त्यावर?"

"नाही."

"मग पुढच्या वेळी फोन करा."

अठ्ठ्याऐंशीत मी अर्ध्या तासावरच्या एका स्थानिक वर्तमानपत्रात काम करत होते आणि रविवारी काकूंकडे जेवायला जात होते. त्या वसंतात एका रविवारी काकांनी वरणात साखर घातली. पुढच्या रविवारी एका घरी जेवायला जाऊन फ्रिजला कान न लावता ते परत आले. काकू म्हणाल्या, "काहीतरी ऐकलंय यांनी. नियम आहे म्हणून पोटात ठेवलंय. फुटणार आहेत बघ एक दिवस."

तीन आठवड्यांनी एका दुपारी ते न्यूजरूमच्या दारात उभे राहिले. हातात दुकानाची पिशवी. "आज बाजारात आली. आता बोलता येतं. चल, पॅटर्सन. तुझी काकू गाडीत बसलीये."

पिशवीत एका रॅपरची रेकॉर्ड होती. पुढच्या दोन महिन्यांत ती प्रत्येक गाडीच्या खिडकीतून ऐकू येणार होती. लोरेनच्या दिवाणखान्यात काकांनी आधी तिची जुनी रेकॉर्ड लावली. तिसऱ्या फेरीच्या मोकळ्या जागेत अगदी बारीक 'टिक' झाली. मग नवी लावली. बास तोच, ड्रम तोच, वर कुणीतरी बोलतंय. आणि प्रत्येक फेरीच्या मोकळ्या जागेत तीच टिक. टिक. टिक. नव्या रेकॉर्डवाल्यांनी जुन्या रेकॉर्डवरून ती एक फेरी उचलली होती आणि गाणंभर फिरवली होती.

"ही टिक तर पहिल्यापासून आहे," लोरेन म्हणाली. "मला वाटायचं, माझीच कॉपी खराब आहे."

"सगळ्या कॉप्या खराब आहेत," काका म्हणाले. "ती मी पाडली."

काकू सोफ्यावर सरळ झाल्या.

सूक्ष्मदर्शकाखाली गिटार शोधताना चिमटा हातातून निसटून साच्यावर पडला होता. साच्याला टाचणीच्या टोकाएवढा खड्डा पडला, म्हणून त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक रेकॉर्डवर टिक आली. दुसऱ्या नमुन्यात काकांनी ती ऐकली. नवा साचा करायचा तर आणखी दोन आठवडे गेले असते, आणि आठ दिवस तर त्यांनीच आधी खाल्ले होते. त्यांनी हिरव्या फॉर्मवर सही केली. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत दोष माहीत असून पास केलेली ती एकच रेकॉर्ड. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नव्हतं.

लोरेन इतकी मोठ्यानं हसली की शेजारच्या खोलीतून कर्टिस आला. "याला सांगा!" ती म्हणाली. "सांगा याला, सर! इतकी वर्षं आपण तिघंच आहोत असं वाटत होतं. चौथा माणूस हा बसलाय!"

मग ती हसायची थांबली. "माझी भाची रोज हे गाणं म्हणते," ती म्हणाली. "काल मी तिला सांगितलं, हा बास माझा आहे. तर ती म्हणाली, आंटी, प्लीज. डोळे फिरवले तिनं. मला बाकी काही नको. माझं, याचं आणि त्या जॉर्जियातल्या माणसाचं नाव त्यावर हवं."

तिनं त्या रॅपरच्या रेकॉर्ड कंपनीला पत्र पाठवलं. कंपनीचं उत्तर आलं की चार सूर कुणीही वाजवतं, आणि हे त्यांच्या स्टुडिओत नव्यानं वाजवलेले आहेत. लोरेनच्या चर्चमध्ये एक तरुण वकीलबाई रविवारी दुपारी लोकांची कामं बघायच्या. त्यांना टिक ऐकवली. त्यांनी ती चार वेळा ऐकली आणि खुर्ची पुढे ओढली. नव्यानं वाजवलं असेल तर काकांच्या चिमट्याचा आवाज त्यात आला कुठून? फक्त काकांचं प्रतिज्ञापत्र हवं होतं.

"आपण लिहू, साच्याला धक्का लागला आणि तो दोष तुमच्या लक्षात आला नाही," वकीलबाई म्हणाल्या. "म्हणजे तुमच्या नोकरीला काही होणार नाही."

"लक्षात आला होता."

"ते लिहिलं तर तुम्हाला त्या खुर्चीवर कोण ठेवेल?"

"आणि नाही लिहिलं तर?"

वकीलबाई प्रामाणिक होत्या. "तर ते म्हणतील, ज्या माणसाला टिक तेव्हा ऐकू आली नाही, त्याला सात वर्षांनी कशी ओळखू आली?"

काकांना निवृत्तीला चार वर्षं होती. ऐकण्याच्या खोलीशिवाय त्यांना दुसरी कुठली जागा माहीत नव्हती. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" काकू म्हणाल्या. "बायकोला इतकी वर्षं सांगितलं नाही, तेही लिहा त्यात." मग खालच्या आवाजात, "खरं तेच लिहा. नाहीतर रोज सकाळी सहाला तीच रेकॉर्ड लावाल आणि तोंड पाडून ऐकाल. मला नाही सहन होणार."

मी टाइप केलं. काका पिवळा फॉर्म सांगावा तसं सांगत होते. चिमटा माझ्या हातून पडला. दोष मी त्याच दिवशी ऐकला. दोष आहे हे माहीत असताना मी सही केली. तोच दोष या नव्या रेकॉर्डवर प्रत्येक फेरीला आहे. वकीलबाईंनी तिसऱ्या वाक्यावर पेन ठेवलं आणि पुन्हा एकदा विचारलं. काका म्हणाले, "ते वाक्य काढलं तर चौथं कुणी ऐकणार नाही." कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात नोटरी होता. त्यानं खोकल्याच्या बाटल्या बाजूला सारून शिक्का मारला.

सोमवारी सकाळी काकांनी त्याची एक प्रत स्वतः मॅनेजरच्या टेबलावर ठेवली. कंपनीच्या वकिलांकडून त्याला कळायला नको म्हणून. मॅनेजर पोलंडहून आलेला, जवळपास त्यांच्याइतकाच जुना. त्यानं वाचलं, चष्मा काढला.

"हे तुम्ही मला न सांगता राहू शकला असतात, प्रोफेसर."

"राहिलो होतो," काका म्हणाले. "सात वर्षं."

"मला तुम्हाला तिथून उठवावं लागेल."

"माहीत आहे. माझ्या जागी येईल त्याला सांगा, डाव्या हेडफोनची तार सैल आहे."

त्यांना पॅकिंगला पाठवलं. तिथं आठ बायका होत्या, लेबल बघून रेकॉर्ड वेष्टनात घालणं आणि वेष्टनं खोक्यात भरणं एवढंच काम. काकूंच्या मते पहिले दोन आठवडे ते नीट जेवले नाहीत. मग एके दिवशी त्यांनी जेवताना पॅकिंगच्या बायकांची नावं सांगितली, सगळ्या आठ जणींची, कोण कुठल्या गावची आणि कुणाचा नवरा कसा तेही. ऐकण्याच्या खोलीतल्या इतक्या वर्षांत त्यांनी घरी एकाही माणसाचं नाव सांगितलं नव्हतं.

कंपनीनं प्रकरण कोर्टापर्यंत जाऊ दिलं नाही. पुढच्या छपाईपासून लेबलवर तिघांची नावं घालायचं त्यांनी कबूल केलं. लोरेनचा कागदावरच्या कबुलीवर विश्वास नव्हता.

शरद ऋतू सुरू झाला होता. मी डेस्कवर गावसभेची बातमी कापत होते, तेव्हा फोन वाजला. मागं यंत्रांचा प्रचंड आवाज होता.

"आलं," काका ओरडले.

"काय आलं, काका?"

"नाव! तिघांचं. लेबलवर, भोकाच्या खाली. अक्षर बारीक आहे, पण सरळ आहे. शाई फुटलेली नाही."

"लोरेनला कळवलंत?"

"ती इथंच आहे. हॉस्पिटलची ड्यूटी संपवून आली. भाचीलाही आणलंय शाळेतून. मॅनेजरनं दोघींना डोक्याला जाळी बांधून आत सोडलं. प्रत्येक कॉपी वाचतेय. मी म्हटलं, अगं, एकीवर आहे म्हणजे सगळ्यांवर आहे. तर म्हणाली, सर, तुम्ही तुमचं काम करा."

"मग वाचू दे."

"वाचू दे काय, भाची मोठ्यानं वाचतेय. ऐक."

त्यांनी रिसीव्हर बाहेर धरला. आधी नुसती यंत्रं ऐकू आली. मग त्यातून एका मुलीचा आवाज. लोरेनचं नाव, कर्टिसचं नाव, तिसरं नाव. खोक्यात रेकॉर्ड पडल्याचा आवाज. पुन्हा तीन नावं. काही वेळानं पॅकिंगच्या बायका तिच्याबरोबर म्हणू लागल्या. माझ्या समोरची बातमी पाच वाजता छपाईला जायची होती आणि पावणेपाच झाले होते. मी फोन ठेवला नाही. काकांनीही ठेवला नाही.